रात्रीच्या घासाचे मोल

रात्री जेवून झोपलेला माणूस सकाळी उठेपर्यंत आठ-दहा तास काहीही खात नाही. तरीही हृदय धडधडत राहते, श्वास चालू राहतो आणि मेंदू तर झोपेतही काम थांबवत नाही. या सगळ्याला लागणारी ऊर्जा येते कुठून, हा प्रश्न निरोगी माणसाला कधी पडत नाही. कारण शरीराने त्याची तजवीज आधीच करून ठेवलेली असते. पहिले काही तास यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर पुरते. ती ओसरू लागली की शरीर आपल्या दुसऱ्या, कितीतरी मोठ्या कोठाराकडे वळते. ते कोठार म्हणजे चरबी. मात्र या कोठाराला कुलूप आहे आणि त्याच्या किल्ल्या मोजक्या विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या हाती आहेत. त्यांतले एखादे विकर निकामी झाले, तर कोठार भरलेले असूनही पेशी उपाशी राहतात. लहान मुलाच्या बाबतीत हे एका रात्रीत जिवावर बेतू शकते.

हा विषय जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापुरता राहिला असता, तर त्यावर येथे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु बिहारमधील मुजफ्फरपूर जिल्ह्यात वर्षानुवर्षे मे-जून महिन्यांत शेकडो मुले पहाटेच्या वेळी आकडी येऊन बेशुद्ध पडली आणि त्यांतली कितीतरी दगावली. त्या मृत्यूंचा माग काढत गेलेले संशोधन अखेर पेशीच्या आतल्या याच विकरांपाशी येऊन थांबले. दुसरीकडे, जन्मतःच यांपैकी एक विकर सदोष असलेली बाळे जगभर जन्माला येतात आणि वेळीच निदान झाले नाही, तर एखाद्या साध्या तापातही गमावली जातात. दोन्ही ठिकाणी विज्ञानाने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. उपायही महाग नाहीत. ते वेळेवर पोहोचवण्याचे काम मात्र व्यवस्थेचे आहे आणि तिथेच गाडी अडते.

आधी हे विकर करते काय, ते पाहू. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक साखळी. आहारातल्या आणि शरीरातल्या चरबीत सर्रास आढळणाऱ्या पामिटिक आम्लात असे १६ अणू एकापुढे एक जोडलेले असतात. ही साखळी सबंध जाळता येत नाही. पेशीतील तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, तिचे एका टोकापासून दोन-दोन अणूंचे तुकडे पाडले जातात. सोळा अणूंच्या साखळीवर सात वेळा हा वार होतो आणि आठ तुकडे मिळतात. या प्रत्येक टप्प्यात थोडी ऊर्जा मोकळी होते आणि निघालेले तुकडे पुढे जाळले गेले की आणखी बरीच. म्हणूनच एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळत असताना एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ मिळतात.

मेदाम्ले अशी दोन-दोन अणूंनी तुटतात, हे जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ क्नूप याने १९०४ मध्ये दाखवले, तेही आजची कोणतीही यंत्रे हाताशी नसताना. त्याने मेदाम्लाच्या शेपटाला शरीरात सहज न मोडणारा एक रासायनिक गट जोडला, ती मेदाम्ले कुत्र्यांना खाऊ घातली आणि त्यांच्या लघवीत शेवटी काय उरते ते तपासले. साखळीतील अणू सम संख्येत असले तर एक पदार्थ उरे, विषम असले तर दुसरा. साखळी एकेका अणूने झिजत असती, तर दोन्ही वेळा सारखेच काही उरले असते. कात्री दर वेळी दोन अणूंवरच चालते, हा निष्कर्ष त्यातून निघाला. तो आजही कायम आहे.

या कात्रीच्या प्रत्येक वाराचे चार टप्पे असतात. त्यांतला पहिला टप्पा सर्वांत नाजूक. साखळीतील ठरावीक दोन अणूंवरून हायड्रोजन काढून घेणे, हे त्याचे काम. ते करणाऱ्या विकरांना डीहायड्रोजनेज म्हणतात. साखळीची लांबी जशी कमी होत जाते, तसे हे काम एका विकराकडून दुसऱ्याकडे जाते. खूप लांब साखळ्यांसाठी एक, साधारण ६ ते १२ अणूंच्या मध्यम साखळ्यांसाठी दुसरे, त्याहून आखूड साखळ्यांसाठी तिसरे. मधल्या विकराचे लांबलचक इंग्रजी नाव आद्याक्षरांनी एमकॅड असे घेतले जाते. लांब साखळी तुटत तुटत आखूड होताना तिला या मधल्या टप्प्यातून जावेच लागते. त्यामुळे एमकॅड अडले की वरून आलेला माल तिथेच तुंबतो.

तुंबल्याने नेमके बिघडते काय, हे समजून घेतले की पुढच्या साऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. मेंदूला चरबी थेट वापरता येत नाही. त्याला साखर हवी असते. ती संपत आली की यकृत दोन कामे हाती घेते. एक, मेदाम्लांच्या तुकड्यांपासून कीटोन नावाचे पदार्थ तयार करून ते मेंदूकडे पाठवणे. मेंदू साखरेऐवजी त्यांवर भागवू शकतो. दोन, प्रथिनांतून व अन्य पदार्थांतून नवी साखर घडवणे. हे दुसरे काम करण्यासाठी लागणारी ऊर्जाही यकृताला मेदाम्ले जाळूनच मिळते. म्हणजे मेदाम्ले तुटणे थांबले, तर नवी साखर बनत नाही आणि तिच्या बदली चालणारे कीटोनही पुरेसे मिळत नाहीत. मेंदूचे दोन्ही पुरवठे एकाच वेळी तुटतात. शिवाय अर्धवट तुटलेली मेदाम्ले रक्तात साचून स्वतःच घातक ठरतात.

मोठ्या माणसाच्या यकृतात जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास साखर साठलेली असते. लहान मुलाचे यकृत लहान, साठा त्याहून कितीतरी कमी; उलट शरीराच्या मानाने मेंदू मोठा, त्यामुळे साखरेचा खर्च जास्त. धडधाकट माणसाची निर्जळी एकादशी निभते ती मेदाम्ले तोडणाऱ्या या विकरांच्या भरवशावर. तीन-चार वर्षांच्या मुलाचे मात्र रात्रभराच्या उपाशीपणातच या विकरांवाचून चालत नाही. त्यातच मूल कुपोषित असेल, तर यकृतातला साठा मुळातच नसल्यासारखा असतो. एकादशीच्या घरी शिवरात्र यावी, तशी त्याची गत होते.

मुजफ्फरपूरमध्ये नेमके हेच घडत होते. हा जिल्हा लिचीच्या बागांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. १९९५ पासून तेथे उन्हाळ्यात मुलांच्या एका गूढ आजाराच्या नोंदी होत आल्या. रात्री चांगले झोपलेले मूल पहाटे आकडी येऊन तडफडू लागे, काही तासांत बेशुद्ध पडे. लोकांनी त्याला ‘चमकी बुखार’ असे नाव दिले. कागदोपत्री त्याची नोंद मेंदूज्वर म्हणून होत राहिली. मेंदूज्वर म्हटले की विषाणू आला. मग डासांचा शोध झाला, जपानी मेंदूज्वराच्या लसीची चर्चा झाली, नमुने प्रयोगशाळांत गेले. विषाणू काही सापडेना. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार बरीच वर्षे चालला.

खरे तर धागेदोरे समोरच होते. आजार लिचीच्या हंगामात सुरू होई आणि पाऊस पडताच ओसरे. बहुतेक मुले गरीब घरांतली, हडकुळी. अनेकांना फारसा ताप नसे. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात मेंदूला सूज आणणाऱ्या संसर्गाची खूण दिसत नसे. आणि सर्वांत बोलका धागा म्हणजे आजाराची वेळ. विषाणू घड्याळ पाहून येत नाही. उपाशीपोटी उतरणारी साखर मात्र पहाटेच तळ गाठते. वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुशास्त्रज्ञ टी. जेकब जॉन आणि विषशास्त्रज्ञ मुकुल दास यांनी २०१४ मध्ये याच दिशेने बोट दाखवले. हा मेंदूचा संसर्ग नसून शरीरातील ऊर्जाव्यवहार कोसळल्याने होणारा विकार असावा आणि त्याचा संबंध लिचीतील एका घटकाशी असावा, अशी त्यांची मांडणी होती.

त्याच वर्षी भारताचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था यांनी मिळून मुजफ्फरपूरमध्ये सविस्तर पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २६ मे ते १७ जुलै २०१४ या काळात तेथील दोन मोठ्या रुग्णालयांत अशी ३९० मुले दाखल झाली. त्यांतली १२२ दगावली. दाखल होताना ज्या ३२७ मुलांची रक्तशर्करा मोजता आली, त्यांपैकी २०४ मुलांची ती ७० मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली होती. संसर्गाच्या आणि कीटकनाशकांच्या तपासण्यांतून काही हाती लागले नाही. मात्र तपासलेल्या ८० पैकी ७२ मुलांच्या रक्तात अर्धवट तुटलेल्या मेदाम्लांचा साठा आढळला. ७३ पैकी ४८ मुलांच्या लघवीत लिचीतील दोन विषारी घटकांचे अंश मिळाले; तुलनेसाठी घेतलेल्या, हा आजार नसलेल्या मुलांपैकी एकाच्याही लघवीत ते नव्हते.

हे दोन घटक एकमेकांची भावंडे म्हणावीत असे आहेत. पहिल्याचे नाव हायपोग्लायसिन. १९५० च्या दशकात जमैका बेटावर ॲकी नावाच्या फळात तो सापडला. कच्चे ॲकी खाल्ल्यावर उलट्या होऊन, साखर उतरून माणसे मरत. त्याचे कारण या शोधाने कळले. दुसरा घटक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लिचीच्या बीत आढळला. ॲकी आणि लिची ही एकाच वनस्पतिकुळातली झाडे. महाराष्ट्रात केस धुण्यासाठी वापरला जाणारा रिठाही याच कुळातला आणि कुळाचे शास्त्रीय नाव रिठ्यावरूनच पडलेले आहे. युरोपात याच कुळातल्या एका मॅपल वृक्षाच्या बिया चरताना पोटात गेल्याने घोडे दगावतात. तिथेही कारण हायपोग्लायसिनच.

शरीरात गेल्यावर हायपोग्लायसिनचे जे रूपांतर होते, ते दिसायला मेदाम्लासारखे असते. विकर त्याला नेहमीचे गिऱ्हाईक समजून जवळ करते आणि ते विकराला असे चिकटते की पुन्हा सुटत नाही. एमकॅड आणि त्याची आखूड साखळ्यांवर काम करणारी जोडीदार विकरे अशा रीतीने निकामी होतात. नवी विकरे तयार होईपर्यंत चरबीचे कोठार बंद. पोट भरलेले असेल, यकृतात साखर असेल, तर तेवढा वेळ सहज निभावून जातो. काही झाल्याचे कळतही नाही. पोट रिकामे असेल, तर पहाट उजाडताना मेंदूला पुरवण्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

पाहणीतले आकडेही हेच सांगतात. आजारी मुलांनी लिची खाल्लेली असण्याची शक्यता निरोगी मुलांपेक्षा बरीच जास्त होती. पण आदल्या रात्री जेवण न झालेल्या मुलांत लिची आणि आजार यांचा संबंध, जेवलेल्या मुलांतल्यापेक्षा दुपटीहून अधिक घट्ट निघाला. दिवसभर बागेत पडलेली, अर्धकच्ची लिची खायची, त्याने भूक मेल्यासारखी वाटायची, संध्याकाळी न जेवता झोपायचे, असा त्या मुलांचा दिनक्रम. घरात शिजलेले नसेल, तर मुलाला उठवून जेवायला घालण्याचा आग्रह तरी कोण धरणार?

म्हणून लिचीला खलनायक ठरवणे हा या संशोधनाचा चुकीचा अर्थ होय. मुंबई-पुण्याच्या बाजारात जूनमध्ये येणारी पिकलेली लिची भरल्या पोटी चार घास जेवणाऱ्या मुलाने खाल्ली, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मुजफ्फरपूरच्या बागांतूनच लिची खाणारी सुखवस्तू घरांतली मुले या आजाराने पडली नाहीत. शास्त्रज्ञांत या प्रश्नावर पूर्ण एकमत झालेले नाही, हेही नमूद करायला हवे. काहींनी कडक उन्हाळ्याकडे, काहींनी कीटकनाशकांकडे बोट दाखवले आहे. प्रत्येक रुग्णाच्या शरीरात लिचीचे अंश सापडलेले नाहीत. परंतु कारणांच्या यादीत पुढेमागे काही भर पडली, तरी रिकामे पोट आणि उतरलेली साखर या दोन गोष्टी त्यातून वगळता येणार नाहीत.

पाहणी करणाऱ्यांनी सुचवलेले उपाय साधे होते. लहान मुलांना लिची कमी खाऊ द्या. कोणत्याही मुलाला रात्री उपाशी झोपवू नका. आकडी आलेल्या मुलाची रक्तशर्करा ताबडतोब मोजा आणि ती कमी असल्यास विनाविलंब शिरेतून ग्लुकोज द्या. ग्लुकोजने दुहेरी काम साधते. मेंदूला तातडीने इंधन मिळते आणि शरीर चरबी फोडणे थांबवत असल्याने विषारी अर्धवट मेदाम्लांची भरही थांबते. गावोगावी हा निरोप पोहोचवण्यात आला आणि पुढची काही वर्षे रुग्णांची संख्या लक्षणीय घटली. मग २०१९ चा जून आला. मुजफ्फरपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत दीडशेहून अधिक मुले गेली. तेव्हा आजार नवा राहिला नव्हता आणि उपायही माहीत होते. ज्ञान एकदा मिळवून भागत नाही. दर वर्षी हंगामाआधी ते पुन्हा उंबरठ्यावर न्यावे लागते, हा त्या जूनचा धडा आहे.

त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आपल्या पोषण योजना दिवसाच्या आहेत. अंगणवाडीतला गरम आहार असो वा शाळेतले मध्यान्ह भोजन, त्यांचा लाभ दुपारपर्यंत मिळतो. उन्हाळी सुट्टीत शाळेतला तो घासही सहसा बंद होतो. उरलेल्या अठरा-वीस तासांची जबाबदारी घराची. ज्या घरात मजुरीवरून परतायलाच अंधार पडतो, तेथे रात्रीचा घास हा सर्वांत बेभरवशाचा असतो. मेळघाट, नंदुरबार, जव्हार-मोखाडा या भागांत लिचीच्या बागा नाहीत. त्यामुळे तेथे मुजफ्फरपूरचा आजार उद्भवण्याचे कारण नाही. परंतु कुपोषित मुलाच्या यकृतात रात्र काढण्याइतकी साखर नसते, हे सत्य बिहारइतकेच महाराष्ट्रालाही लागू आहे. जुलाब, न्यूमोनिया, हिवताप यांत अशा मुलाची साखर झपाट्याने उतरते आणि त्याकडे वेळेत लक्ष गेले नाही, तर मूळ आजाराआधी तीच घात करते. कुपोषणाचा विचार वजनकाट्यावर होतो. तो ‘मूल शेवटचे कधी जेवले’ या प्रश्नानेही व्हायला हवा.

आता जन्मजात दोषाकडे वळू. मुजफ्फरपूरच्या मुलांचे विकर बाहेरून आलेल्या विषाने बंद पडले. काही मुलांत मात्र एमकॅड बनवण्याची जनुकीय सूचनाच चुकीची असते. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले, तरच हा विकार होतो. एकच आले तर व्यक्ती निरोगी राहते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण दहा ते वीस हजार बाळांमागे एकाला तो असतो, आशियात त्याहून विरळा. विकार असलेले बाळ दिसायला, हसायला, वाढायला इतर बाळांसारखेच असते. दर दोन-तीन तासांनी दूध मिळते तोवर विकराची परीक्षाच होत नाही. एखाद्या दिवशी ताप येतो, उलट्या होतात, बाळ दूध नाकारते, रात्र मोठी होते आणि सकाळी ते निपचित सापडते. निदान झालेले नसेल, तर पहिल्याच अशा प्रसंगात सुमारे पाचांतले एक मूल दगावते, असा पूर्वीचा अनुभव आहे. वाचलेल्यांपैकी काहींच्या मेंदूला कायमची इजा होते.

आणि उपचार काय? न कोणते महागडे औषध, न शस्त्रक्रिया. मुलाला फार वेळ उपाशी ठेवायचे नाही. आजारपणात साखरेचे पाणी देत राहायचे. ते पोटात टिकत नसेल, तर लगेच रुग्णालय गाठून शिरेतून ग्लुकोज घ्यायचे. एवढे पाळले, तर ते मूल शाळेत जाते, खेळते, मोठे होते. आधुनिक वैद्यकात इतका मोठा धोका इतक्या अल्प खर्चात टळण्याची उदाहरणे फार नाहीत. अट एकच, दोष आधी माहीत असला पाहिजे.

तो आधी कळू शकतो. बाळाच्या टाचेला बारीक सुई टोचून रक्ताचे चार थेंब टिपकागदावर घ्यायचे आणि वाळवून प्रयोगशाळेत पाठवायचे, ही पद्धत अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात दुसऱ्या एका चयापचय-विकारासाठी रूढ केली. १९९० च्या दशकात आलेल्या टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री या तंत्राने त्याच थेंबातून अनेक विकार एका वेळी ओळखणे शक्य झाले. एमकॅड अडलेले असेल, तर आठ कार्बनची अर्धवट तुटलेली साखळी रक्तात साचते आणि यंत्र ती टिपते. इंग्लंडमध्ये २००९ पर्यंत प्रत्येक नवजात बाळासाठी ही तपासणी सुरू झाली. अमेरिकेतील राज्यांतही ती नित्याची आहे.

भारतात अशी सार्वत्रिक तपासणी नाही. मोठ्या शहरांतील खासगी प्रसूतिगृहांत ती मिळते, पण ज्याला माहीत आहे आणि परवडते, त्यालाच. गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांसाठी अशी तपासणी सुरू करून वाट दाखवली होती. केरळच्या सरकारी प्रसूतिगृहांतही निवडक विकारांसाठी ती होते. मुलांच्या जन्मजात दोषांचा शोध घेणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघर येथे झाला. त्याच महाराष्ट्राने टाचेच्या या चार थेंबांबाबत पुढाकार घेणे शोभून दिसेल.

यावर नेहमीचा आक्षेप खर्चाचा आणि प्राधान्याचा. जिथे न्यूमोनियाने आणि कमी वजनाने बाळे जातात, तिथे हजारोंत एखाद्याला होणाऱ्या विकारासाठी पैसा कशाला, हा प्रश्न चुकीचा नाही. केवळ एमकॅडसाठी ही यंत्रणा उभारावी, असे कोणी म्हणणारही नाही. पण त्याच टिपकागदावर जन्मजात थायरॉइड-न्यूनतेसारखा, भारतात बऱ्यापैकी आढळणारा आणि स्वस्त गोळीने मतिमंदत्व टाळता येणारा विकारही ओळखता येतो. सुरुवात अशा मोजक्या विकारांपासून करावी, मग यादी वाढवावी. शिवाय मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरिक करण्याची रीत ज्या समाजांत आजही टिकून आहे, तेथे दोन्हीकडून एकच सदोष जनुक येण्याचा संभव वाढतो. ‘परदेशी लोकांचा आजार’ म्हणून अशा विकारांची वासलात लावणे म्हणूनच योग्य नाही. घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या, ‘रात्री चांगले होते, सकाळी गेले’ अशा बालमृत्यूंच्या कहाण्यांत नशीब, नजर आणि बाहेरची बाधा यांच्या नावावर किती दोष ढकलला गेला असेल! रक्ताचा थेंब न तपासता तो ढकलणे सोपे असते.

करायचे ते तीन पातळ्यांवर आहे. पहिली पातळी घराची. लहान मूल न जेवता झोपले, तर त्याला उठवून चार घास भरवावेत. तापात-उलटीत जेवण सुटले, तर थोडे थोडे गोड पाणी, दूध, पेज देत राहावे. मूल सकाळी उठवूनही उठत नसेल किंवा त्याला आकडी आली असेल, तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर झोपवावे आणि तडक दवाखाना गाठावा. आधीचे एखादे भावंड असेच अचानक गेले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दुसरी पातळी प्राथमिक आरोग्य केंद्राची. साखर मोजण्याचे यंत्र, त्याच्या पट्ट्या आणि ग्लुकोजच्या बाटल्या रात्रपाळीतही हाताशी असल्या पाहिजेत आणि बेशुद्ध मुलाला जिल्हा रुग्णालयात धाडण्याआधी त्याची साखर पाहण्याचा दंडक हवा. रुग्णवाहिकेतला एक तास मेंदूला परवडणारा नसतो. तिसरी पातळी धोरणाची. नवजात तपासणी टप्प्याटप्प्याने सुरू करणे आणि पोषण योजनांत संध्याकाळच्या आहाराचा विचार करणे, हे तिथले काम.

मेदाम्ल तोडणारे विकर डोळ्यांना दिसत नाही. ते अडले की शरीराला हवी असते ती थोडी साखर आणि तीही वेळेवर. मुजफ्फरपूरच्या १२२ मुलांचा हिशेब मांडताना शास्त्रज्ञांनी शेवटी जो सल्ला दिला, तो कोणत्याही आजीने दिला असता: लेकराला उपाशी झोपवू नका. तो सल्ला जिथे पाळता येत नाही अशी घरे कोणती, याची यादी अंगणवाडी सेविकांच्या आणि आशाताईंच्या वह्यांत आजही सापडेल. पुढचा उन्हाळा येण्याआधी ती कोणी तरी वाचायला हवी.